बोटीवरचं जेवण आणि आक्कांच्या चपला

‘‘ताई, जेवायला बसताना पायात काय घालायचं असतंय?’’

आमच्या बचत गटाच्या बैठकीत आक्कांनी हा प्रश्न विचारला आणि सगळ्याजणी खो-खो हसल्या. आक्काही हसल्या. पण हसता हसता त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. नातीचा निरोप होता : ‘आजी, बोटीवर रात्रीच्या जेवणाला स्मार्ट कॅज्युअल. स्लिपर चालणार नाही हं!’

गेल्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात आमचा गट आहे. वेल्हे तालुक्याचं नाव २०२५ मध्ये राजगड झालं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच येतं. मी भोरची. महिन्यातून एकदा कापूरहोळ, चेलाडी फाटा करत एस.टी.नं तिकडे जाते. आक्का या गटातल्या सगळ्यात जुन्या सभासद. वय साठ. उभा जन्म भातखाचरात गेला. लेक-जावई पुण्यात नोकरीला. आईला साठ पूर्ण झाली म्हणून त्यांनी जानेवारीत मुंबई ते गोवा बोटीची सहल ठरवली होती. ज्या बाईनं आजवर गुंजवणी धरणापेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं, ती दोन रात्री समुद्रावर झोपणार होती! गावात चर्चा तर होणारच.

‘‘आमी चपला उंबऱ्याभायेर काढून मग ताटावर बसतो,’’ आक्का म्हणाल्या, ‘‘आन् हितं पायात काय न्हाई म्हनून ताटावर बसू देनार न्हाईत व्हय? आसलं कुटं असतंय का?’’

असतं. पण हे त्यांना नीट समजावून सांगण्याऐवजी मी काय केलं, तर मोठ्या जाणतेपणानं निकाल देऊन टाकला. ‘‘आक्का, सरळ बंद बूट घेऊ. काळे, छान. साडीखालीही शोभतात. मोठ्या लोकांत जायचंय, तिथे असल्या चपला बऱ्या दिसत नाहीत.’’

खरं सांगू? त्या निकालाची मला आजही लाज वाटते.

आक्का भोरला आल्या तेव्हा मीच त्यांना दुकानात घेऊन गेले. दुपारची वेळ. त्यांना परतीची एस.टी. गाठायची होती. मुली वापरतात तसले बंद, चपटे, पुढे निमुळते होत गेलेले ‘बेली’ बूट घेतले. आक्कांचा पाय रुंद. सगळं आयुष्य अनवाणी किंवा सैल चपलेत गेलेल्या बाईचा पाय असतो तसा, बोटं पसरलेली. ‘‘जरा आवळतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वापरून सैल होतील,’’ मी म्हणाले. दुकानदारानंही मान डोलावली. सवय व्हावी म्हणून पुढच्या आठवड्यातल्या एका लग्नात त्या दिवसभर ते बूट घालून हिंडल्या. ‘‘कायबी तरास झाला न्हाई,’’ असं कौतुकानं सांगितलंही.

त्रास झाला नाही, हीच तर गोम होती.

आक्कांना आठ वर्षांपासून साखर आहे. पुढच्या बैठकीला मी गेले तर त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीला हळद भरून फडकं बांधलेलं. ‘‘फोड आला हुता, फुटला. दुखत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. फडकं सोडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. करंगळीच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. आठ-दहा दिवस ती बाई त्याच पायानं शेतात, गोठ्यात, चुलीपाशी वावरत होती. दुखत नव्हतं म्हणून.

त्याच दिवशी त्यांना घेऊन भोरला डॉक्टरांकडे आले. डॉक्टर आधी आम्हा दोघींवर रागावले, मग कामाला लागले. जखम धुऊन झाल्यावर त्यांनी आक्कांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक ताठ धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. ‘‘कळलं की हो म्हणा,’’ म्हणाले. आक्का गप्प. डॉक्टरांनी टाचेपाशी टेकवला, बोटांखाली टेकवला. आक्का गप्पच. त्यांना वाटत होतं डॉक्टरांनी अजून सुरुवातच केली नाही.

तेव्हा मला कळलं. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. चटका बसला, खडा टोचला, बूट घासला, तरी डोक्यापर्यंत सांगावा पोचत नाही. आपल्याला दुखतं म्हणून आपण चप्पल काढतो, लंगडतो, पायाला विश्रांती देतो. ज्यांना दुखतच नाही ते तसेच चालत राहतात. त्यात पायाकडे रक्त कमी पोचत असेल तर जखम लवकर भरत नाही, साखरेमुळे पू लवकर धरतो, आणि एका साध्या फोडापासून सुरू झालेलं दुखणं बोट कापण्यापर्यंत, कधी पाय कापण्यापर्यंत जातं. साखरेच्या रोगात पाय गमावणाऱ्या कित्येकांची सुरुवात असल्याच एखाद्या क्षुल्लक जखमेनं झालेली असते.

आक्कांचं नशीब चांगलं. रोज ड्रेसिंग, गोळ्या आणि पायावर भार न देणं, असं करत तीन-साडेतीन आठवड्यांत जखम भरली. पण त्या तीन आठवड्यांत मला रात्री झोप नीट लागली नाही. मैत्रिणींनो, मी काही अडाणी नाही. बी. ए. झालेली आहे, पंधरा वर्षं बायकांच्या बैठका घेते, त्यात आरोग्यावर बोलते. आक्कांना साखर आहे हे मला ठाऊक होतं. मग बूट घेताना एकदाही ते मनात का आलं नाही?

कारण मी आक्कांच्या पायांचा विचारच करत नव्हते. ते पाय बघणाऱ्यांचा करत होते.

त्याचं मूळ जुनं आहे. कॉलेजात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला होता. बक्षीस समारंभ आणि नंतर जेवण पुण्यातल्या एका क्लबात होतं. मी धुतलेली, इस्त्री केलेली साडी नेसून गेले. पायात निळ्या पट्ट्यांची रबरी स्लिपर. दुसरी चप्पल नव्हतीच. दारावरच्या माणसानं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पायांपाशी नजर थांबवली आणि ‘‘बाई, या चपलेवर आत नाही सोडत,’’ म्हणाला. बरोबरच्या मॅडमनी रदबदली केली, मला आत सोडलं. पण मी बक्षीस घेतलं ते खाली वाकून, निऱ्या ओढून पाय झाकत. समोर काय वाढलं होतं ते आठवत नाही. खुर्चीखाली आत ओढून घेतलेले पाय तेवढे आठवतात. माझी ती लाज मी तीस वर्षांनी आक्कांच्या पायात घातली, तीही एक नंबर लहान!

बरं, ज्या नियमाला मी एवढी घाबरले, तो नियम होता तरी काय? आक्कांची जखम भरत असताना त्यांच्या लेकीनं बोटीच्या कंपनीला फोन लावला. दोन मिनिटांचं काम. उत्तर मिळालं : बाथरूममध्ये वापरतो तसली रबरी स्लिपर नको, अनवाणी नको, पोहण्याच्या कपड्यांत जेवायला येऊ नका. बाकी नीटनेटकी सँडल चालते, मागे पट्टा असेल तर उत्तमच. साडी? साडी तर काय, कुठल्याही दिवशी चालते.

म्हणजे फोड, जखम, ड्रेसिंग, माझी झोपमोड, सगळं फुकट! आधी विचारलं असतं तर? पण आपण बायका नियम विचारत नाही, नियमाची धास्ती घेतो. विचारलं तर आपलं अडाणीपण उघडं पडेल असं वाटतं. मग नियम आहे त्याच्या चौपट मोठा करून आपणच आपल्याला लावून घेतो.

अलीकडे आपल्या भागातूनही साठीशांतीला, लग्नाच्या वाढदिवसाला म्हणून मुलं आईवडिलांना अशा सहली घडवतात. म्हणून जे समजलं ते सांगते. मोठ्या प्रवासी बोटीवर जेवायच्या जागा सहसा एकाहून जास्त असतात. एक, आपलं आपण वाढून घ्यायचं ते बुफे. तिथे फारसं कुणी काही म्हणत नाही, मात्र अनवाणी किंवा ओल्या कपड्यांत तिथेही नको. दुसरा, टेबलावर बसवून वाढतात तो मुख्य भोजनकक्ष. रात्री कपड्यांचे नियम असतात ते बहुतेक इथले. ‘स्मार्ट कॅज्युअल’चा साधा अर्थ, घरातल्या घरात घालतो ते नको, चार पाहुण्यांत घालतो ते चालेल. लांबच्या परदेशी सफरींवर एखादी रात्र ‘फॉर्मल’ असते, तेव्हा जास्त काच असतो तो पुरुषांना. त्यांच्या उघड्या सँडल बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, बंद बूट मागतात. बायकांच्या सँडलला सहसा हरकत नसते आणि साडी ‘फॉर्मल’मध्येच धरली जाते. कंपनीगणिक थोडाफार फरक असतो. म्हणून तिकिटाबरोबरचा कागद वाचायचा किंवा सरळ फोन करून विचारायचं.

आणि एक गोष्ट कागदावर ठळक लिहिलेली नसते, पण महत्त्वाची आहे. बोट हलते. डेक ओला असतो. काही दारांना, विशेषतः न्हाणीघराच्या, उंच उंबरा असतो. जिने उतरावे लागतात. उंच टाचेची किंवा गुळगुळीत तळाची चप्पल तिथे कामाची नाही. सपाट, पकड असलेली, मागे पट्ट्यानं बांधलेली सँडल हीच खरी बोटीवरची शहाणी चप्पल. दिसायलाही नीट आणि पडायचीही भीती नाही.

डॉक्टरांनी आक्कांना लिहून दिली ती ‘एमसीआर’ची सँडल. आत मऊ, स्पंजासारखं रबर, बाहेरून टणक तळ, वर रुंद पट्टे, मागे पट्टा, आणि सुजेप्रमाणे सैल-घट्ट करता येतील अशा चिकटपट्ट्या. मऊ तळामुळे अंगाचा भार तळव्यावर सगळीकडे वाटला जातो, एका जागी टोचत नाही. या मऊ रबराच्या चपलांमागेही एक इतिहास आहे. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी त्यांवर काम केलं. ज्यांच्याकडे समाज बघतसुद्धा नव्हता त्यांच्या पायांसाठी झालेला विचार आज लाखो साखरवाल्यांचे पाय वाचवतो आहे.

पण आक्कांना सँडल दाखवल्यावर त्यांचं तोंड उतरलं. ‘‘दवाखान्याची चप्पल घालून मोठ्या लोकांत जेवाय जाऊ व्हय? लेकीला खाली बघाय लागंल.’’ माझीच शिकवण माझ्याकडे परत आली होती!

त्या दिवशी बैठकीत मग हिशेब बाजूला राहिला आणि चपलांवरच बोलणं झालं. एकेकीच्या पोटातून काय काय बाहेर आलं. एक मावशी म्हणाल्या, सासरा ओसरीवर बसलेला असला की सुनेनं चप्पल हातात घेऊन अंगण ओलांडायचं. दुसरीनं सांगितलं, तिच्या आजीला चावडीवरून, वरच्या आळीतून जाताना पायात काही घालायची सोयच नव्हती. जातीनं खालच्या म्हणून. चप्पल डोक्यावर नाहीतर काखेत. ती हे सांगताना सगळ्या गप्प होत्या. पायात काय आहे यावरून माणसाची जागा ठरवायची खोड काही बोटवाल्या साहेबांनी आणलेली नाही, आपल्याही घरात ती जुनीच आहे.

मग मी त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. आपल्या पहिल्या डॉक्टर बाई. लहान वयात मुंबईत शाळेला जायच्या, तेव्हा हातात पुस्तकं आणि पायात बूट-मोजे पाहून लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढून बघायचे, रस्त्यात थांबून हसायचे. बूट घालून शाळेत निघालेली ही बाई कोण, म्हणून! २४ फेब्रुवारी १८८३ला बंगालमधल्या श्रीरामपूरला केलेल्या भाषणात त्यांनी स्वतःच हे सांगितलं. म्हणजे तेव्हा बूट घातले म्हणून हसले, आणि मला बूट नव्हते म्हणून अडवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. अठरा वर्षांची मुलगी, नवरा बरोबर नाही, बोटीवर सगळा परका कारभार. पण साडी सोडणार नाही म्हणाल्या आणि नाही सोडली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला त्यांचा १८८५चा फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींनीही मान खाली घातलेली नाही.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांचंही आठवलं. आपल्या पंढरपूरचा जन्म. अनवाणीच हिंडायचे. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं पायात काही नाही म्हणून त्यांना आत घेतलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला! आणि तमिळनाडूत २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे त्यांचं धोतर, नेसून आले म्हणून एका क्लबात अडवलं. तिथल्या विधानसभेनं मात्र त्याच वर्षी कायदाच केला, की वेष्टी नेसली म्हणून कुणाला अडवता येणार नाही. मुद्दा असा, की असले नियम देवानं लिहिलेले नसतात. माणसं करतात आणि माणसंच बदलतात.

‘‘आन् ती कोलापुरीची बातमी?’’ गटातली एक धाकटी सून म्हणाली. तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. २०२५च्या जूनमध्ये इटलीत मिलानला प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. आधी कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं, इकडे ओरड झाल्यावर मूळ भारतातलं आहे हे कंपनीनं कबूल केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ज्या चपलेला आपण ‘साधी’ म्हणतो तीच तिकडे झगमगाटात फिरली. चप्पल तीच. बघणाऱ्याची नजर तेवढी बदलली.

‘‘मग म्या कोलापुरीच घालते की!’’ आक्का म्हणाल्या. पुन्हा हशा. पण नाही. कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी बधिर पायाला कडक चामडं आणि अंगठा-पट्टा बरा नव्हे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटाच्या बेचक्यात पट्टा रुतणारी कुठलीच चप्पल नको. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी ती जरूर मिरवावी.

शेवटी धाकट्या सुनेनंच तोड काढली. तपकिरी सँडलला मिळत्या रंगाची साडी काढा म्हणाली. आक्कांच्या पेटीत लेकीच्या बारशातलं तांबूस इरकल होतं. ते नेसून, सँडल घालून आक्का आमच्यासमोर चालून दाखवू लागल्या. ‘‘झाक दिसताय!’’ सगळ्या म्हणाल्या. आणि खरंच, नीट पुसलेली, पट्टे बसवलेली ती सँडल त्या साडीखाली कुणाच्या डोळ्यांत खुपणार होती?

आक्का जाऊन आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या जमलो तेव्हा तिळगुळापेक्षा बोटीचीच गोष्ट गोड लागत होती. बॅलार्ड पियरला एवढी मोठी बोट बघून आक्कांना आधी वाटलं, ही इमारतच आहे. मग ती हलली!

‘‘आन् जेवणाचं काय झालं?’’ आम्ही विचारलं.

‘‘दाराशी एक पोरगा हुता. त्यानं माज्या पायाकडं बघितलंबी न्हाई. नमस्ते आजी म्हनला आन् खुर्ची वडून दिली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई हुत्या, टाचंला हे एवढं उंच. बोट हालली तर नवऱ्याचा हात धरून बसल्या. म्या आपली सपाट!’’

मग आक्का जरा थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘पर ताई, येक केलं म्या. ताट फुडं आलं, भात दिसला. आपला भात. सगळी जिंदगी त्याच्या चिखलात गेली. चपला घालून त्याला हात लावायला मन हुईना. मग टेबलाखाली हळूच पट्टा सोडला आन् पाय चपलंच्या वर काढून ठेवलं. भुईला टेकवलं न्हाईत बरं का, डॉक्टरांनी सांगितलंय. चपलंवरच ठेवलं. हात जोडलं आन् जेवले. नातीनं बघितलं. म्हनली, आजी, काय करतीस? म्या सांगितलं. तिनंबी सॅन्डल काढली.’’

टेबलावर शुभ्र कापड होतं, ते खालपर्यंत आलेलं. त्यामुळे त्या पोराला काही कळलं नाही. नियमही मोडला नाही आणि अन्नाचा मानही राहिला. मी तीस वर्षांपूर्वी खुर्चीखाली पाय ओढून घेतले होते ते लाजेनं. आक्कांनी तिथेच पाय मोकळे केले ते श्रद्धेनं. दोन्ही वेळा वरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसेल. पण केवढा फरक!

त्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आम्ही यंदा प्लॅस्टिकचा डबा दिला नाही. प्रत्येकीला हातात मावेल असा एक छोटा आरसा दिला. तोंड बघायला नव्हे, तळपाय बघायला. आता दर बैठकीत बचत गोळा झाली की पायांची पाळी असते. ज्यांना साखर आहे त्या सहाजणी पाय पुढे करतात आणि बाकीच्या बघतात. पहिल्या वेळी फार संकोच झाला. भेगाळलेले, काळवंडलेले, लावणीच्या चिखलानं बोटांच्या बेचक्या कुजलेले पाय कुणाला दाखवायचे? वयानं लहान असलेल्यांपुढे पाय करायचे? आता सवय झाली. दुसऱ्याच बैठकीत एकीच्या टाचेत घुसलेला काटा सापडला. तिला ठाऊकच नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलेल्या चार गोष्टी तुमच्यासाठीही लिहिते. घरात कुणाला साखर असेल तर हे कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा.

• चप्पल-बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो. दुपारी किंवा सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका.

• नवी चप्पल पहिल्याच दिवशी लग्नाला घालू नका. रोज तास-दोन तास घाला आणि काढल्यावर पाय बघा. लाल झालं असेल तर ती चप्पल आपली नव्हे.

• घालण्याआधी चप्पल-बूट झटका, आत हात फिरवून खडा, खिळा बघा. घरातही अनवाणी नको, देवळात जाताना मोजे घाला.

• पाय रोज धुवा आणि बेचक्या कोरड्या पुसा. भेगांना तेल लावा, पण बेचक्यांत नको. पाणी किती गरम ते पायानं नव्हे, कोपरानं बघा.

• कुरूप ब्लेडनं कापू नका. फोड, जखम दिसली की हळद भरून वाट बघू नका. दुखत नाही म्हणून तर मुळीच नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• वर्षातून एकदा डॉक्टरांना पायांची तपासणी करायला सांगा. ते विसरले तर आपण चप्पल काढून पाय पुढे करा.

पावसाळ्यात आमच्या खाचरांत लावणी सुरू होईल. तेव्हा आक्कांना चिखलात उतरू द्यायचं नाही असं गटानं ठरवलंय. त्यांनी बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या मोजायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांचे पाय तपासायचे. आक्का कुरकुरल्या. पण सँडलचा मागचा पट्टा नीट लावत ‘‘बरं बाई’’ म्हणाल्या.

ते काळे बेली बूट आक्कांनी मला परत दिले. कुणाला तरी होतील म्हणाल्या. मी अजून कुणाला दिलेले नाहीत. आमच्या दारामागे आहेत. बैठकीला निघताना दिसतात, आणि कुणाला काही सांगण्याआधी तिचे पाय एकदा बघून घ्यायचे, हे आठवतं.